गिळलेलं वाक्य

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, आणि ज्यांच्यासोबत इतके हंगाम काढले त्या नाटकवाल्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस समोर असलं की मी बोलता बोलता स्वतःला जरा बरा करून घेतो — ही माझी जुनी खोड. आणि खरं सांगायचं तर सगळं त्या खोडीपायीच झालं.

मी कुरखेड्याकडचा शाळामास्तर. पण दिवाळी सरली की होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं रंगतात, आणि त्या दिवसांत मी प्रॉम्प्टर असतो. आमचा प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभा राहून अडलेल्याला शब्द देणारा माणूस नव्हे. स्टेजच्या पुढे जमिनीत खड्डा खणलेला असतो, त्यात हार्मोनियमवाला, तबलेवाला आणि हातात संहिता घेऊन मी. नट आज या गावात, उद्या त्या गावात, आज या मंडळात, उद्या दुसऱ्या. तालीम करायला वेळ कोणाला आहे? म्हणून प्रत्येक वाक्य आधी मी बोलतो, नट ते कानानं उचलतो आणि त्यात जीव ओततो. हजारो माणसं मंडपात बसलेली असतात आणि माझा आवाज कोणाला खटकत नाही. त्यांना तो ऐकूच येत नाही म्हणा ना.

हे शहरातल्या माणसाला सांगितलं की तो हसतो. त्या हसण्याची मला लाज वाटायची. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

कमलाबाई आमच्याकडच्या नाटकांतल्या आई. कोणतंही मंडळ असो, आई म्हटली की कमलाबाई. बाईंना लिहितावाचता जेमतेम यायचं, पण कान असा की मी वाक्याचं पहिलं टोक सोडलं की बाईंनी दुसरं टोक धरलेलं असायचं. माझ्या सपक, मास्तरकी आवाजातलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की मंडपातल्या बाया पदर डोळ्याला लावत. मी काही कमी ऐटीत नसायचो अशा वेळी — माझंच वाक्य ना ते! नाटकाआधी चहा पिताना त्या म्हणायच्या, “मास्तर, तुमी खड्ड्यात बसले असले ना, मले कायचंच भेव वाटत नाई.” हे त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या.

तर — चंद्रपूरला सांस्कृतिक सप्ताह होता. आठवडाभर रोज संध्याकाळी काहीतरी: एक दिवस शास्त्रीय गाणं, एक दिवस कविसंमेलन, बाहेर व्हरांड्यात चित्रांचं प्रदर्शन. त्यात एक संध्याकाळ झाडीपट्टीच्या नाटकाला दिली होती. आमच्या मंडळाला बोलावणं आलं तेव्हा गावात मिठाई वाटायचीच काय ती बाकी राहिली. आणि त्याच दिवशी सकाळी एक चर्चा ठेवली होती, आमच्या रंगभूमीवर. मंडळाच्या मालकांनी तिथे मला पाठवलं. मास्तर आहे, चार शब्द नीट बोलेल म्हणून.

मी नीळ घातलेला पांढरा सदरा घालून गेलो. नीटच बोललो. मग समोरच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं — शहरात नाटकं बसवणाऱ्या होत्या, केस आखूड, गळ्यात मोठी शबनम पिशवी — “तुमच्याकडे अख्खं नाटक प्रॉम्प्टरच्या भरवशावर होतं म्हणे? हे कसं जमतं?”

आज मला वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हा मात्र मला त्यात हसू ऐकू आलं. काय हरकत होती सांगायला, की हो बाई, असंच होतं, आणि ते सोपं नाही, नटाचा कान आणि प्रॉम्प्टरचा श्वास एक व्हावा लागतो? इतकं सुंदर सांगण्यासारखं होतं माझ्याजवळ! पण मी काय म्हणालो, ऐका: “ते आता जुनं झालं मॅडम. आमचे कलावंत हल्ली संवाद पाठ करूनच उभे राहतात. प्रॉम्प्टर नावापुरता.”

टाळ्या पडल्या. “मग आज बघतेच मी,” त्या बाई म्हणाल्या.

कमलाबाई त्या वेळी चर्चेला नव्हत्या. आदल्या दिवशी त्यांचं सिंदेवाहीकडे नाटक होतं. दुपारी त्या जीपमधून उतरल्या आणि मेकअपच्या खोलीत सतरंजी टाकून झोपून गेल्या. मी काय टेंभा मिरवून आलो हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच सांगितलं.

सभागृहात खड्डा नव्हता. मला विंगेत उभं राहायचं होतं. पडदा वर जायच्या जरा आधी त्या शबनमवाल्या बाई खुर्ची घेऊन माझ्या शेजारी आल्या. “इथून बघितलं तर चालेल ना? मला आतून बघायचंय.” मी म्हटलं, चालेल की. आणि त्या बसल्या, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

मी बोलायला सुरुवात केली, पण आवाज घशातून वर येईना. कुजबुजतच होतो. बाकीचे नट तरणे, त्यांना हे नाटक रोजचंच, ते निभावून नेत होते. कमलाबाईंना ही भूमिका नवी होती. त्या बोलता बोलता विंगेकडे सरकायला लागल्या. एकदा त्यांनी पदर कानामागे सारला — जोरानं बोला, ही आमची खूण. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज आणखी उतरवला.

मग तो प्रसंग आला. घर सोडून गेलेला मुलगा, सुरेश, कित्येक वर्षांनी दारात उभा राहतो. आई त्याच्याकडे बघते. हार्मोनियम थांबते. आणि आईचं वाक्य आहे: “ये सुरेश, तू गेल्यापासून हे दार मी लावलंच नाही रे.”

कमलाबाई त्याच्याकडे बघत होत्या आणि कान माझ्याकडे होता. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत मी बोललो असतो तर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असतं. सकाळी ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते सगळे पहिल्या रांगेत होते.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की घसा बसला होता. पंख्याची घरघर होती. संहितेचं पान चिकटलं होतं. काय काय नाही सांगितलं! पण पान उघडं होतं. त्या ओळीवर माझं बोट होतं. वाक्य पुरतं तोंडात आलेलं होतं आणि मी ते गिळलं. चुकून नाही. मी ठरवलं की बोलायचं नाही, आणि मूग गिळून उभा राहिलो.

बाई थांबल्या. खूप थांबल्या. मग हंगामभर अनेक नाटकं करणारं माणूस जे करेल तेच त्यांनी केलं — दुसऱ्या नाटकातल्या आईचं वाक्य त्यांच्या तोंडी आलं. “गणपत, तू लढाईवरून आला रे बाप्पा!”

कुठला गणपत आणि कुठली लढाई? अख्खं सभागृह हसलं. पोट धरून हसलं. आमच्या गावातल्या मंडपात कोणी हसलं नसतं असं मी म्हणत नाही, पण हे हसणं वेगळं होतं, यात कमलाबाई त्यांच्या कोणीच नव्हत्या. तेव्हाही वेळ गेली नव्हती. तेव्हा तरी मी वाक्य फेकायचं होतं, त्यांनी झेललं असतं, लोक गप्प झाले असते. मी नाही फेकलं. आणि हेही सांगून टाकतो: ते हसणं ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, कारण ते माझ्यावर नव्हतं. शेवटी सुरेश झालेल्या पोरानंच त्यांच्या पायावर लोळण घेतली, हार्मोनियमवाल्यानं सूर धरला आणि प्रसंग कसाबसा संपला.

पडदा पडल्यावर मालक आत आले, ते माझ्यावरच. “मास्तर, झोपला होता काय तू?” मी तोंड उघडायच्या आत कमलाबाई मधे आल्या. “मास्तरले काऊन बोलता? मलेच ऐकू नाई आलं.” मग माझ्याकडे वळल्या. तोंडावरचा रंग घामानं ओघळला होता. “तुमी बोलले होते ना, मास्तर?”

त्यांना खात्री नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. आणि शबनमवाल्या बाई खुर्चीवरून उठून तिथेच उभ्या होत्या; माझी कुजबुज त्यांना कितपत ऐकू आली होती, कोण जाणे.

“बोललो ना बाई,” मी म्हणालो. “एकदा नाई, दोनदा.”

कमलाबाईंचा हात कानाकडे गेला. “मंग माह्या कानाचंच कायतरी झालं,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, गाडीत बसताना, “माह्यापायी तुमचं नाव खराब झालं ना, शहरातल्या लोकाइसमोर.” त्यांनी माझी माफी मागितली. मी ती घेतली. “जाऊ द्या बाई, होते असं,” असं मोठ्या मनानं म्हणालो.

आमच्या रंगभूमीवर नटाचे डोळे अधू झाले तर चालतं, पाय लंगडा झाला तर तशी भूमिका मिळते. कान गेला तर काय उरतं? कमलाबाईले ऐकू येत नाई, ही बातमी वडशापर्यंत, जिथे सगळ्या नाटक मंडळांची ठाणी आहेत तिथे, पोहोचायला किती वेळ लागणार होता! पुढच्या हंगामात मंडळं दुसरी आई शोधायला लागली. ज्यांनी तरीही बोलावलं त्यांना बाईंनीच नाही म्हटलं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरला कान दाखवून आल्या. मला फोन केला. “डॉक्टर म्हणते कान चांगला हाये. पण त्याले का मालूम तिथी स्टेजवर का झालं ते? तुमाले मालूम हाये.” मला ठाऊक होतं खरं. मी म्हटलं, आराम करा बाई.

लोक मला विचारायचे, कमलाबाई दिसत नाहीत? मी सुस्कारा सोडून म्हणायचो, वय झालं त्यांचं. पुढच्या वर्षी सप्ताहात चर्चेला मला पुन्हा बोलावलं. मी गेलो. कमलाबाईंसारखी आई पुन्हा होणे नाही, असं म्हणताना माझा गळा दाटून आला — आणि तो खोटा नव्हता, हे आणखी वाईट. तेव्हाही टाळ्या पडल्या. माझी मला किळस येते, पण त्या टाळ्या मी उभ्याउभ्या घेतल्या.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ठरवून त्यांच्या गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत गाडीवर मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. मी अजून फाटकाशीच होतो, शेजाऱ्याला घर हेच का म्हणून हळूच विचारत होतो, तर घरामागून आवाज आला, “मास्तर आले वाट्टे! या, या.” बाई हात पुसत पुढे आल्या. त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. भिंतीपलीकडून, इतक्या हळू बोललेला माझा आवाज त्यांनी ओळखला होता.

सुनेनं खाट टाकली. कमलाबाई पायरीवर बसल्या, माझ्याकडे पाहून हसल्या. आम्ही तिघंच होतो. तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात सून माझ्याजवळ वाकून म्हणाली, “जोरानं बोला मास्तर. मायले ऐकू नाई येत.”

कमलाबाईंनी ते ऐकलं. मान हलवली, खरं आहे म्हणून. आणि चूक झाल्यासारख्या खाली बघायला लागल्या.

“तब्येत बरी हाये ना, बाई?” मी ओरडून विचारलं. शेजारच्या अंगणातल्या माणसानंही वळून पाहिलं.