दाजींच्या टाकीत साबण कुणी घातला

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे नवरे, बस-डेपोच्या सांडपाण्याच्या टाकीवर अठरा वर्षं आहेत. वर्कशॉपचं तेलकट पाणी टाकीत येतं आणि तिथले जिवाणू ते तेल खातात. दाजी त्यांना ‘लेकरं’ म्हणतात. स्वतःच्या पोरांची इयत्ता विचारा, ताईच्या तोंडाकडे बघतील!

गेल्या महिन्यात पाण्यावरचा तेलाचा तवंग एकाएकी नाहीसा झाला. साहेब खूश. दाजींच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

“दिसत नाही म्हणजे गेलं का? कुणीतरी साबण घालतंय. थोडा असला तर तेल बारीक फुटतं, लेकरांना खायला सोपं. जास्त झाला की लेकरंच मरतात. मग तेल पाण्यात मिसळून थेट ओढ्यात, आणि वरून पाणी कसं, नितळ!”

शुक्रवारी पाण्याचा नमुना तपासायला जाणार होता. नापास झाला की टाकी ठेकेदाराकडे आणि दाजी घरी.

झालं! माणूस संशयाने पछाडला. मेकॅनिकांचे हात हुंगले, कँटीनवाल्याच्या बादल्या उलट्या केल्या. शेवटी फोरमनवर गाडी अडली. “ठेकेदाराला सामील आहे मेला,” ते माझ्या कानात म्हणाले. मी मान डोलावली. काय करणार?

वर्कशॉपची फरशी मी धुते. ते पाणीही टाकीतच जातं, म्हणून साबणाचा रोजचा एक मग दाजींनीच मोजून ठरवलेला. पण नवा फोरमन रोज “अजून काळीच आहे” म्हणायचा. एकदा मी तीन मग टाकले आणि तो म्हणाला, “वा, आरसाच!” नऊ वर्षांत मला कुणी वा म्हटलं नव्हतं हो. तेव्हापासून रोज तीन.

बुधवारी दाजी फोरमनविरुद्धचा अर्ज घेऊन आले.

“छोटे, साक्षीदार म्हणून सही कर.”

“दाजी, सगळ्यांचे हात हुंगलेत. माझे?”

“वेडी का काय? तू घरची.”

मी पेन घेतलं नाही. दोन्ही हात त्यांच्या नाकापुढे धरले. ते हसतच वाकले, आणि तसेच थांबले.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं. या वेळी ‘छोटे’ म्हणाले नाहीत.