तिकीटमास्तरांच्या लाटा कोणी मोजल्या नाहीत

अन्याय झाला तो आगबोटीच्या धक्क्यावरच्या तिकीटमास्तरांवर. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या तिसऱ्या वर्षी, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याच घराच्या पडवीत तो झाला. करणारे अडाणी नव्हते. एक मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रोफेसर होते आणि त्यांच्यामागून आमचंच सुधारक मंडळ. मी दोन्हीकडे हजर होतो, म्हणून लिहितो.

तिकीटमास्तर हे सोसायला सोपे गृहस्थ नव्हते. इंटर सायन्सला कॉलेज सोडून ते रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर आगबोटीची तिकिटं फाडायला लागले आणि तिथंच राहिले. उतारूंवर खेकसायचे. पदार्थविज्ञानाचं पुस्तक दाखवलं तर म्हणायचे, "हा धडा मला लिहायला दिला असता तर बरा झाला असता." त्यांच्याजवळ शर्यतीच्या मैदानावर वापरतात तसलं, कळ दाबली की थांबणारं घड्याळ होतं. बोट यायच्या आधी आणि गेल्यावर धक्क्याच्या टोकाला बसून ते एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचा वेळ मोजत.

त्या दिवसांत रत्नागिरीत एखादा माणूस गुपचूप कुठं बघत बसला की त्याच्याकडं सगळे बघायला लागत. पोलिसांना वाटे, हा बाहेरच्या गलबतांना खुणा करतो. मच्छीमारांना वाटे, हा होड्या टिपून घेतो, उद्या कर बसणार. आमच्या मंडळाला वाटे, हा सरकारचा माणूस, कोण बोटीतून उतरलं आणि कोणाला भेटलं ते कळवतो. मी मंडळाची पत्रकं लिहीत असे, वाटत असे, आणि तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध होतो. तेव्हा छडा लावायला मलाच पाठवलं.

"रोज इथं बसून काय टिपता?" मी सरळच विचारलं.

"लाटा."

"कोणासाठी?"

"लाटांना साहेब लागत नाही. तुला कोणी पाठवलं?"

मी हातातली पत्रकं सारखी करायला लागलो.

"म्हणजे तुला कोणीतरी पाठवलंय, मला कोणी नाही. मग हेर कोण रे शिंच्या?"

मला राग आला आणि हसूही आलं. तरी संशय गेला नाही. मी रोज जाऊन शेजारी बसू लागलो. सांगायचं नसलं तर माणूस विषय बदलतो, आणि यांना दुसरा विषयच येत नव्हता. शेवटी मला जे कळलं ते असं.

जत्रा सुटली की सगळे एकदमच निघतात. देवळाजवळच्या वाडीत तरणे आणि म्हातारे जवळजवळ बरोबरच पोचतात. पण लांबच्या गावात तरणे आधी येतात आणि म्हातारे कितीतरी मागून. मास्तर म्हणत, तसंच समुद्रात वादळ झालं की तिथून लांब लाटा, म्हणजे माथ्यापासून माथ्यापर्यंत जास्त वेळ घेणाऱ्या, आणि आखूड लाटा एकदमच निघतात. लांब लाट जलद चालते, आखूड मागं पडते. म्हणून किनाऱ्यावर आधी सावकाश, लांबलांब लाटा येतात, मग हळूहळू त्या आखूड होत जातात. किती वेळात किती आखूड झाल्या हे मोजलं की वादळ किती लांब आणि केव्हा झालं ते गणितानं निघतं. भराभर आखूड झाल्या तर जत्रा जवळची.

इथवर मी मान हलवली असती. पण मास्तर पुढं म्हणाले, की कोरड्या दिवसांत, वारा पडलेला असताना आपल्या धक्क्यावर ज्या संथ लाटा येतात त्या विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिणेच्या बर्फाजवळच्या वादळांतून येतात. कोणी अडवायला नसलं तर लाट अर्धं जग ओलांडते.

"हे पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"तळ्यातल्या लाटेचं आहे. समुद्राचं माझं आहे."

खरं सांगायचं तर मला ते वेड वाटलं. वेड आणि शास्त्र यांत फरक कसा करायचा, हेही मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "एकानं सांगितलं ते सांगणं झालं. मला दुसरा माणूस पाहिजे, माझ्यापासून लांब, दुसऱ्या किनाऱ्यावर. त्यानं मला न विचारता मोजायचं. लाटा दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर आधी लागल्या, इथं मग, आणि काठेवाडात आणखी मागून, आणि गणितात बसतील तेवढ्याच मागून, तर मी खरा. नाहीतर मी तिकिटं फाडायला मोकळा." त्यांना एवढंच हवं होतं. मान नको, पगार नको. घड्याळ घेऊन लांब बसणारा एक परका माणूस.

त्या वर्षी दसऱ्यानंतर, एका सकाळी, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. मच्छीमारांच्या होड्या निघायच्या तयारीत होत्या. मी तिथं पत्रकं वाटत होतो. पत्रक देवाच्या कौलाविरुद्धच होतं. कौल म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, भांडणं, बागेचे व्यवहार, सगळं त्या दोन कळ्यांवर.

मास्तर धक्क्यावरून जवळजवळ धावत आले. "होड्या काढू नका. काल संध्याकाळपासून लाटा भराभर आखूड होतायत. वादळ जवळ आहे. दोन दिवस थांबा."

तांडेल म्हणजे त्या होड्यांचा मुख्य, वयानं मोठा माणूस. त्यानं आभाळाकडं बघितलं. "कसलं ओ वादळ मास्तर? एक ढग तरी दाखवा."

"ढग मागून येईल. लाट आधी आलीय."

"मग तुमचं म्हणणं आमी देवाला विचारतो."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "देवाला काय विचारता? घड्याळाला विचारा! इथं बसा, मी शिकवतो, एका तासात तुम्हालाच कळेल."

"घड्याळ तुमचं, देव आमचा," तांडेल म्हणाला, आणि सगळे देवळाकडं गेले.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं, तिकीटमास्तर बोलतो ते खरं का. उजवी कळी पडली. होड्या वर ओढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जो वारा सुटला त्यात मिऱ्याच्या किनाऱ्यावरचे माड आडवे झाले, आणि ज्यांनी विचारलं नव्हतं अशा वरच्या गावच्या काही होड्या परत आल्या नाहीत.

आता विचार करा, लोकांनी यातून काय धडा घेतला असेल. लांब लाट आधी येते? छे. देवानं मास्तरांच्या तोंडून सांगितलं! मास्तरांच्या अंगात काहीतरी आहे! दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायरीवर नारळ, हळदकुंकू. मास्तरांनी तो नारळ उचलून रस्त्यावर भिरकावला. "कडक हाय हो देव त्यांच्यातला," बायका म्हणाल्या, आणि पुढच्या दिवशी चार नारळ जास्त आले. ते जेवढे ओरडले तेवढा त्यांचा लौकिक वाढला. कोणाची म्हैस हरवली, कोणाचं मूल जेवत नाही, कोणाचा मुंबईचा मुलगा घरी येत नाही, सगळे पडवीत. गुरवानं काही हरकत घेतली नाही, उलट तोच लोकांना तिकडं पाठवू लागला. का? त्याचा कौल खरा ठरला होता ना! मास्तरांचं गणित लपलं की त्याची कळी उजळ. हे त्यानं ठरवून केलं का, मला माहीत नाही. मी त्याच्यावर तेव्हाही विश्वास ठेवला नाही, आताही नाही.

दिवाळीत प्रोफेसर घरी आले. ते रत्नागिरीचेच. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन त्यांना मास्तरांकडं यायला राजी केलं. त्यांचे विद्यार्थी मुंबईपासून कारवारपर्यंत पसरलेले, त्यांनी एक शब्द टाकला असता तर मास्तरांचा दुसरा माणूस उभा राहिला असता. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पडवीत पोचलो. दारात रांग. प्रोफेसर पुढं जायला लागले तर एका बाईनं त्यांचा कोट धरला.

"दादा, मागून या. आमी उजाडल्यापासून बसलंव. माझी म्हस गेलीय."

प्रोफेसर माझ्याकडं वळले. "गर्दी बरी जमवलीय तुमच्या शास्त्रज्ञानं."

"मी जमवली नाही," आतून मास्तर गरजले. "धक्क्यावर चला, पाऊण तास बसा. मी तोंडानं काही बोलणार नाही. तुम्ही मोजा."

"आज जमायचं नाही, घरी पाहुणे आहेत," प्रोफेसर म्हणाले. "इंटरनंतर का सोडलंत?"

"तो प्रश्न लाटेला लागू नाही."

"आणि हे म्हणे सगळ्या जगाच्या समुद्राला लागू?"

"समुद्र एकच आहे."

प्रोफेसर हसले. पडवीतल्या बायकाही हसल्या, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसेल. पण मी एक गोष्ट टिपली. निघण्याआधी प्रोफेसरांनी, लाटा आखूड व्हायच्या वेगावरून अंतर कसं काढता, हे मास्तरांना दोनदा विचारलं. मास्तरांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तर जमिनीवर कोळशानं आकृती काढून. ज्याला हे सगळं थोतांड वाटतं तो माणूस एकच गोष्ट दोनदा कशाला विचारतो? मी चोरी म्हणत नाही. पुरावा नाही. संशय मात्र आहे, आणि तो मी टाकणार नाही.

पुढं मुंबईच्या एका साप्ताहिकात प्रोफेसरांचा लेख आला. मास्तरांचं नाव नव्हतं, पण रत्नागिरीत कोणाला सांगावं लागलं नाही. नारळ, कुंकू, हरवलेली म्हैस, सगळं खुलवून लिहिलेलं. लाटेबद्दल एक ओळ नाही. ज्या माणसाबरोबर धक्क्यावर पाऊण तास बसायला ते तयार नव्हते, त्याच्यावर त्यांना दीड पान लिहिता आलं.

मी तो अंक घेऊन मंडळात गेलो. वाटलं, इथं तरी. आपण रोज लोकांना सांगतो, डोळ्यांनी बघा, तपासून घ्या. अध्यक्ष म्हणाले, "लोकांच्या लेखी तो भगत झालाय. त्याची बाजू घेतली तर कौलाविरुद्ध कुठल्या तोंडानं बोलायचं?"

"बाजू घेऊ नका. मोजा."

"आपण काय मच्छीमार आहोत लाटा मोजत बसायला?"

बाकीचे हसले. मी त्या दिवसानंतर त्या मंडळासाठी पत्रक लिहिलं नाही. कळी बघून हो म्हणणारा आणि कुंकू बघून नाही म्हणणारा, दोघांतला फरक मला कोणीतरी समजावून सांगावा.

मी स्वतः दापोलीच्या बाजूला, हर्णैच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. घड्याळ उसनं आणलं होतं. मास्तरांच्या आणि माझ्या मोजणीचा मेळ बसला. पण मी त्यांचा ओळखीचा, पत्रकं खरडणारा, माझ्या साक्षीला कोण विचारतो? मास्तरांनीच ती मोडीत काढली. "हर्णै म्हणजे शेजारची पडवी. आणि तुला माझं उत्तर आधी माहीत होतं. परका आण." नारळ हळूहळू बंद झाले, कारण म्हशी काही सापडल्या नाहीत. मास्तर अजून धक्क्यावर आहेत, अजून उतारूंवर खेकसतात, अजून मोजतात. मला बघितलं की एवढंच विचारतात, "मिळाला का?"

त्यांचा सिद्धांत खरा आहे असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. तो कोणी तपासला नाही हे मात्र मला नक्की ठाऊक आहे. म्हणून वाचकहो, मी तुमच्याकडं कळकळ मागत नाही, काम मागतो. तुमच्यातले कोणी कारवारला असाल, मलबारात असाल, काठेवाडात बंदरावर नोकरी करीत असाल. या हिवाळ्यात, वारा पडलेल्या दिवसांत, घड्याळ घेऊन किनाऱ्यावर बसा. लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ मोजा, सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, दिवस आणि वेळ लिहा. मास्तरांना विचारू नका, मला विचारू नका. जे निघेल ते तुमच्या गावच्या वर्तमानपत्रात तुमच्या नावानं छापा. ते खोटे ठरले तर खोटे म्हणून छापा, मोठ्या अक्षरांत. पण आधी जाऊन बसा आणि मोजा.