गंजीतला हात

समुद्रपूरच्या जिनिंग मिलमध्ये प्रभाकररावांनी सारी नोकरी कापसाच्या गंजीत हात घालण्यात काढली. आग आत धुमसते, वरून पांढरंच दिसतं. ऊब लागली की हाक मारायची, गंजी फोडायची, पाणी ओतायचं.

आता ते सिंदी मेघेला घरी असतात. बायकोनं, कौशल्याबाईंनी, उन्हात गादी टाकली, की उसवल्या शिवणीतून हात घालतात. गरम लागते. मग बादली आणून ओततात. कापसाची गादी लवकर वाळत नाही. बाईंनी गाद्या उन्हात टाकणंच सोडलं. घराला ओलसर वास असतो.

"कोण हो तुम्ही बाई? मालकाच्या घरच्या?" ते बायकोला विचारतात.

"मालकीणच म्हना," त्या म्हणतात आणि भात कालवून देतात.

डॉक्टरीणबाईंनी कौशल्याबाईंना आणि मुलीला, हर्षाला, समजावलं होतं. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावरच्या एका ग्राहक-रेणूमुळे त्यांना साचलेला कचरा कळतो, त्या त्याला घेरून साफ करतात. प्रभाकररावांचा तो रेणू जन्मापासून अधू. कचरा साचला, पेशी बिथरल्या, सूज वर्षानुवर्षं आत धुमसत राहिली. हर्षातही हा दोष असू शकतो. रक्त तपासता येईल. असला तरी हा विसरण्याचा आजार होईलच असं नाही, आणि दोषावर आज औषध नाही.

"मंग तपासाचं काऊन?" कौशल्याबाई तेव्हापासून म्हणत होत्या. "एक सांभाळूनच थकली मी."

हर्षाला जाणून घ्यायचं होतं. पण एकटीनं नाही.

रविवारी न्हाऊन ती ओट्यावर उन्हात केस वाळवत बसली होती. प्रभाकरराव मागून आले आणि तिच्या केसांत बोटं घातली. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"गरम हाय," म्हणाले, आणि बादलीकडे वळले.

कौशल्याबाई उठल्या.

"राहू दे, आई."

पाणी डोक्यावरून खांद्यांवर उतरलं. हर्षा हलली नाही. त्यांनी पुन्हा हात घातला, तपासला.

"आता थंड हाय. जाय घरी, पोरी."

कौशल्याबाईंनी टॉवेल आणला. गादी दाबावी तसे केस दाबून दाबून पुसले. खूप वेळ पुसत राहिल्या.

"उद्या जाऊ रक्त द्यायले," त्या म्हणाल्या.

"बाबाले कोन पाहीन?"

"नेऊ संगं. दवाखान्यातल्या गाद्या काई उन्हात नसतेत."