आईचं नाव असलेला हंडा

लढाईच्या दिवसांत आमचे हे नगरला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वाळूच्या मशीनवर होते. गंजलेले पत्रे, चाकं यायची. हे डोक्यावर जाड कापडाचं टोपडं चढवून, हवेच्या जोरावर नळीतून त्यांवर वाळू मारायचे. गंज, जुना रंग, सगळं उडून लोखंड पांढरंफेक निघायचं. घरी येताना कानांत, भुवयांत वाळू. ताटात सांडली की मी म्हणायची, "सरकारची वाळू सरकारात ठेवून येत जा, आमटी आमची आहे."

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. लग्नात आईनं तांब्याचा हंडा दिला होता आणि त्याच्या गळ्यावर तिचं नाव घालून घेतलं होतं, बारीक ठिपक्याठिपक्यांनी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं नाव अक्षरांत मी तेवढं तिथंच पाहिलं. पुढच्याच वर्षी ती गेली. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पाणी भरताना मी त्या नावावरून अंगठा फिरवायची. यांना कधी बोलले नाही. काय बोलायचं?

चिंचेनं भांडी घासून माझ्या हातांना चिरा पडायच्या. दिवाळीच्या तोंडावर यांनी गुपचूप हंडा वर्कशॉपात नेला आणि संध्याकाळी माझ्यापुढं ठेवला.

"बघ! चिंच न्हाई, राख न्हाई. लई घासत बसतीस."

हंडा आंब्याच्या कोवळ्या पानासारखा तांबूस दिसत होता. मी गळा फिरवून फिरवून पाहिला.

"आईचं नाव कुठंय?"

यांचं हसू मावळलं. "त्या टोपड्यातनं धड दिसत न्हाई गं. मला वाटलं, मळ हाय." हंडा उचलत म्हणाले, "उद्या परत घालून आनतो."

"नको," मी म्हटलं. आईनं समोर बसून घालून घेतलेलं नाव कुठून परत आणणार? मी खूप रडले. हे रात्री जेवले नाहीत.

पुढं त्याच वाळूनं यांची छाती धरली. यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा सून म्हणाली, हंडा मशीनवर पॉलिश करून आणते, नव्यासारखा होईल. मी तिच्या हातून तो काढूनच घेतला. बाकी हंडा घासून गुळगुळीत झालाय, पण गळ्याच्या खोबणीत यांच्या वाळूची खरखर अजून आहे. अंगठा तिथंच जातो. मला आई हवी असते, आणि तिचं नाव पुसणारा तो माणूसही हवा असतो.