अडतीस किलो सहाशे

ज्या आठवड्यात माझ्या सख्ख्या भावाने एका माणसाचा डोळा फोडला, त्याच आठवड्यात मी धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात, किलोग्रॅमचा धडा संपवला होता. पॅरिसजवळ तीन काचेच्या घुमटांखाली जपून ठेवलेला तो धातूचा ठोकळा मुलांना फार आवडतो. शंभराहून जास्त वर्षं साऱ्या जगाचा किलो म्हणजे तो एक ठोकळा. पण त्याची आणि त्याच्या जुळ्या भावंडांची वजनं हळूहळू एकमेकांपासून सरकायला लागली. फरक धुळीच्या कणाएवढा, पण कोण घटलं आणि कोण वाढलं हे सांगायला दुसरं मापच नव्हतं. म्हणून शास्त्रज्ञांनी किलोला निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याशी बांधायचं ठरवलं. तो आकडा मोजायला त्यांना काही दशकं लागली. एका देशाची प्रयोगशाळा एक सांगे, दुसऱ्या देशाची दुसरं. दोन अगदी वेगळ्या पद्धतींची उत्तरं जुळेपर्यंत सगळे थांबले, आणि मगच तो ठोकळा निवृत्त झाला.

"एका मापावर कधी विश्वास ठेवू नका," असं मी फळ्यावर लिहिलं होतं.

शनिवारी भावाचा फोन आला. आमचं गाव भडगावपासून जवळ, गिरणेच्या काठी. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, शेती तोच बघतो. डोक्याने तापट. लहानपणी त्याने माझ्यासाठी दोन पोरांची डोकी फोडली होती, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

"कापूसना काटावर गडबड शे," तो म्हणाला. "घरना काटावर गाठोडं एक्कावन्न किलो, तठे अठ्ठेचाळीस. हाऊ मापाडी बठ्ठा गावले लुबाडस. तू इतला शिकेल शे, एकदाव मोजी दाखाड."

गावात व्यापाऱ्याचा ट्रक येतो, कडुनिंबाच्या पाराजवळ इलेक्ट्रॉनिक काटा मांडतात आणि तिथेच कापूस मोजून भरतात. मोजणारा मापाडी शेजारच्या गावचा, पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस. सगळे त्याला नाना म्हणत. आमच्या कॉलेजात वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजनं होती. विभागप्रमुखांना विचारून मी ती गाडीत टाकली आणि रविवारी सकाळी निघालो.

अकरा वाजता पाराजवळ पन्नास-साठ माणसं जमली होती. भावाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काटा उघड्यावर, उन्हात होता. नानाने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तपासा. माझी काही हरकत नाही."

मला शहाणपण सुचलं. उन्हाने तापलेला काटा थोडा चुकू शकतो हे मला माहीत होतं, म्हणून मी म्हणालो, "आधी हा सावलीत घ्या." चार जणांनी तो उचलला आणि पाराला लागून कडुनिंबाखाली ठेवला. नानाने वाकून बटण दाबलं, आकडा शून्यावर आणला. मी दोन्ही वजनं त्यावर ठेवली. चाळीस किलो.

काट्यावर अडतीस किलो सहाशे ग्रॅम आले.

मी ते मोठ्याने वाचलं. मुद्दाम नाही. प्रयोगशाळेत आकडा मोठ्याने सांगायची सवय असते, जोडीदार वहीत लिहून घेतो म्हणून. इथे कोणी लिहून घेत नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "काटा मारस. मास्तरनी चोरी पकडी."

नाना पुढे झाला. "सर, पुन्हा एकदा ठेवून बघा, हा असा कधी…" त्याचं वाक्य पूर्ण झालं नाही. भावाने त्याच्या कानाखाली अशी मारली की तो काट्यावरच आडवा पडला. मग लाथा सुरू झाल्या. किती जण होते ते मी नंतर पोलिसांना सांगू शकलो नाही. मला पाय दिसत होते, फक्त पाय, आणि त्यांच्यामध्ये डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलेला नाना. एकाने त्याचा हात धरून डोक्यावरून ओढला. तो मनगटातून मोडला. आवाज मला ऐकू आला. नाना ओरडलाही नाही, फक्त त्याच्या तोंडातून हवा निघाल्यासारखं झालं.

मी भावाची कॉलर धरली. "भाऊ, थांब. मला परत मोजायचंय." त्याने मागे न बघता कोपर मारलं. माझा ओठ फुटला, एक दात हलला. मी खाली बसलो तेव्हा भावाच्या हातात कापूस बांधायच्या दोरीचा लोखंडी आकडा होता. तो त्याने दोनदा फिरवला. दुसऱ्यांदा तो नानाच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तोपर्यंत ट्रकच्या काचा फुटल्या होत्या आणि ड्रायव्हर शेतातून पळाला होता. कोणीतरी कापसाला काडी लावली. कापूस आधी नुसता धुमसतो, मग एकदम पेट घेतो. ज्वाळा कडुनिंबाच्या फांद्यांना लागल्या तशी माणसं पांगली. मी आणि गावातल्या दोन बायांनी नानाला बगलेत धरून ओढत बाजूला नेलं. एका बाईने पदर फाडून त्याच्या डोळ्यावर दाबून धरला. भाऊ विहिरीपाशी जाऊन हात धूत होता.

मी नानाला माझ्याच गाडीतून धुळ्याला आणलं. मागच्या सीटवर तो सगळ्या वाटेत एकच विचारत होता, "काटा शून्यावर आणला होता ना सर? तुम्ही पाहिलं ना?"

पोलिसांनी जप्त केलेला काटा चार दिवसांनी वजनमापांच्या निरीक्षकांनी माझ्यासमोर तपासला. चाळीसला चाळीस. चारही कोपऱ्यांवर, तीन-तीन वेळा. मी म्हणालो, हे शक्य नाही. मग त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, गावातल्याच कोणीतरी काढलेला. मी वजनं ठेवताना दिसतो. वजनांनी काट्याची फळी खाली जाते आणि तिची मागची कड पाराच्या बाहेर आलेल्या दगडावर टेकते. थोडं वजन दगड उचलत होता. माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही ठेवण्याआधी खाली वाकून बघितलं असतं.

घरचा काटाही मी मागवून घेतला. तो जुना स्प्रिंगचा. चाळीस किलोला साडेबेचाळीस दाखवत होता.

मी जबाबात सगळं लिहून दिलं. काटा सावलीत घ्यायला मी सांगितलं, आकडा मी वाचला, पहिला हात भावाने टाकला, डोळ्यावर लोखंडी आकडा त्यानेच मारला. पोलीस निरीक्षकांनी विचारलं, "सख्ख्या भावाचं नाव लिहिताय, विचार केलाय ना?" मी सही केली. भाऊ आणि आणखी सहा जण दीड महिना तुरुंगात होते, मग जामिनावर सुटले. वहिनीने फोन करून सांगितलं, "भाऊजी, आता सणासुदीला येऊ नका." आईने काही सांगितलं नाही, तिने बोलणंच बंद केलं.

नानाचा डोळा गेला. मनगटात स्टीलची पट्टी टाकली, पण मूठ वळत नाही. दवाखान्यात मी त्याला काट्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "हे तुम्ही गावात जाऊन सांगा सर. त्याच पाराजवळ, त्याच माणसांसमोर."

मी गेलो. तीस-एक माणसं आली. मी सांगून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "मंग पहिलंच काबर नही सांगं?" एक दगड आला आणि माझ्या खांद्यावर लागला. कोणी मारला ते मी पाहिलं नाही. पाहायचंही नव्हतं. मी उरलेलं बोललो आणि गाडीत बसलो.

खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या बाकावर येऊन बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत त्याचे.

"नाना कसा शे?" त्याने विचारलं.

"एका डोळ्याने दिसतं. काम नाही करता येत."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "माले त्याना घर ली चाल."

वकिलांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. आम्ही गेलो. नानाच्या बायकोने दार उघडलं, आधी मला पाहिलं आणि बाजूला झाली. मग तिला माझ्यामागे भाऊ दिसला. ती आत गेली आणि विळा घेऊन बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहिली. आतून नानाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

भाऊ अंगणातच मातीत बसला, मान खाली घालून. मी त्याच्या शेजारी बसलो. ऊन कलेपर्यंत ती तशीच उभी होती.