शिल्पसम्राटांची मेंढी

आमचे शिल्पसम्राट काहीही बघताना डावा डोळा मिटून घेत. पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली. तिला हरकत घेण्याइतकं शिल्प तेव्हा सोलापुरात कुणाला कळत नव्हतं. भाजीवालीची वांगी असोत की गिरणीचं धुराडं, ते मान कलती करत आणि म्हणत, "मास्तर, निसर्ग बघावा लागतो. तुम्ही लोक नुसते डोळे उघडे ठेवता." मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. त्यामुळे हे मला रोज ऐकावं लागे.

त्यांचा निसर्गाचा सगळा अभ्यास खुर्चीत बसून चाले. ऊन सोसत नसे, गवतानं अंगाला खाज सुटे, जनावरांच्या वासानं मळमळे. त्यांच्या प्रदर्शनातला मोर मला कोंबडा वाटला होता. तसं म्हटल्यावर म्हणाले, "दोष तुमच्या नजरेचा." तरीही मी वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'निसर्गाशी एकरूप झालेला कलावंत'. माझं नाव छापून येणार होतं ना!

त्या लेखाच्या जोरावर त्यांना तळ्याकाठच्या बागेत मेंढीचा पुतळा करायचं काम मिळालं. अनावरणाला गाव लोटलं. पडदा सरकला. मान वर करून ओरडणारी सिमेंटची मेंढी, दोन्ही जबड्यांत पुढे पांढरेशुभ्र दात. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात पुढे उभी असलेली एक म्हातारी धनगरीण तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आवं, मेंढीला वरचं म्होरलं दात कुटं असत्यात? ही तर माज्या सासूवानी हसतीया की!"

सम्राट तडकले. "बाई, कलावंत आतल्या नजरेनं बघतो!"

"मग तोंडाच्या आतबी बघायचं व्हतं की!"

सगळी बाग हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "मास्तर, पुतळा घडताना तुम्ही दहादा बघितलात. लेखही तुम्हीच लिहिलात. तुम्हाला दात खटकले नाहीत?"

इतकी वर्षं चित्रकला शिकवत होतो, पण मेंढीचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस सम्राट नाकाला रुमाल लावून त्या म्हातारीच्या मेंढवाड्यावर जाऊन बसले. मग छिन्नी-हातोडी घेऊन निघाले, तेही बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. मी म्हटलं, "पहाटे उरका, कुणी नसताना."

"दात लोकांसमोर मिरवले, लोकांसमोरच काढीन."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सम्राट घाव घालत राहिले. दातांबरोबर ओठाचाही टवका उडाला. त्यानंतर गावात त्यांना कुणी काम दिलं नाही. काही महिन्यांनी ते बोचकं बांधून हुबळीला निघाले. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या म्हातारीला सांगा, मी गेलो म्हणून."

कलावंत म्हणून मला त्यांच्याविषयी कधी आदर वाटला नाही, आजही वाटत नाही. पण ते गेल्यावरच्या पहिल्याच सोमवारी मी एक शेळी दोरीला धरून शाळेत नेली आणि वर्गात बाकाला बांधली. हेडमास्तर धावत आले. "मास्तर, हे काय चाललंय?"

मुलं शेळीभोवती उकिडवी बसली होती. त्यांच्यात मीही होतो.

"चित्रकलेचा तास," मी बसल्या जागेवरून म्हटलं.