दव न पडलेले दगड

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला लेक्चर द्यायला नको — मी असल्या गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. जुन्या इमारतींची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. देवळं, बारवा, दर्गे, वेशी... ज्या जागेवरून लोक दिवेलागणीनंतर पाय उचलून चालतात, तिथेच माझं ऑफिस. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्हाला कधी काही दिसलं का हो?" मी म्हणते, दिसलं ना, जुन्या दगडी कमानीवर सिमेंट थापलेलं दिसलं. त्याहून भयंकर काही मी पाहिलेलं नाही.

भयंकर तर आजही पाहिलेलं नाही. पण जे पाहिलं ते आता लिहून काढते, कारण घरात सांगून सांगून आता नवरा जांभया देतो.

मी संगमनेरची. अकोले, राजूर आणि पुढे भंडारदऱ्याचा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. राजूर सोडलं की थोडं पुढे डावीकडे एक अरुंद रस्ता डोंगरावर चढतो. वर एक लहान गाव आहे. नाव देत नाही, कारण तिथे रील काढणाऱ्यांची जत्रा भरवायची नाही असा शब्द दिलाय. पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, मागे उभा कडा आणि गावाच्या टोकाला काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवून उभं केलेलं. इतकी सुंदर बांधणी की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायचं विसरले, आणि मला ओळखणाऱ्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

पण देऊळ गळायचं. पावसाळाभर थेट पिंडीवर धार. आणि वर शिखरात पिंपळ घुसलेला. गाव कंटाळून गेलं होतं. देवस्थानचे अध्यक्ष लहानूअण्णा, सरळ आणि हट्टी माणूस, त्यांचं ठरलं होतं की हे पाडायचं आणि वर स्लॅब टाकून, टाइल्स लावून नवं बांधायचं. शेजारच्या गावाने तसंच केलं होतं. मी त्यांच्या इतकी मागे लागले की शेवटी ते म्हणाले, करा. पण शिवरात्रीला देवाच्या डोक्यावर छप्पर पाहिजे आणि पुन्हा एक थेंब गळता कामा नये. गळलं तर स्लॅब.

मी म्हटलं, चालेल. मला खात्री होती. मला साधारणपणे खात्रीच असते.

काम असं — गाभाऱ्यावर दगडांची गोल कडी एकावर एक बसवलेली असतात, वर जाताना लहान लहान होत जाणारी, आणि सगळ्यात वर एक मोठी शिळा झाकणासारखी. पिंपळाची मुळं काढायची तर ही कडी उतरवावी लागणार होती. प्रत्येक दगडावर कडं कितवं आणि त्यातला दगड कितवा हे लिहायचं, फोटो काढायचे, खाली आणून रिकाम्या भातखाचरात पेंढ्यावर ओळीने ठेवायचे आणि मुळं निघाली की त्याच क्रमाने परत चढवायचे. नंबर खडूने लिहायचे. जुन्या दगडाला ऑइलपेंट लावलेला मला खपत नाही. आमचा मिस्त्री हिरामण, पाथरवट, तोंडाने फटकळ पण हाताने सोनं... त्याने सगळं अलगद उतरवलं, मुळंही काढली.

संक्रांतीच्या आधी मी दोन दिवस घरी आले. हिरामणची माणसंही आपापल्या गावी गेली. परत गेले तर भातखाचरात दगड लखलखत होते. प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. आणि नंबर एकावरही नाही.

झालं असं की देवळाशेजारी चंद्रामावशी राहतात. साठीच्या, एकट्या, देवळाची झाडलोट त्यांच्याकडे. सणाच्या तोंडावर देवाचे दगड उघड्यावर पडलेत, त्यावर पांढरं काहीबाही गिरबटलंय, कावळे बसतात... हे त्यांना बघवेना. त्यांनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि राख-काथ्याने दगड न् दगड घासून धुतला. टँकरचं प्यायचं पाणी वापरून. मला सांगा, अशा माणसावर ओरडणार कसं? मी ओरडले. मग भातखाचराच्या बांधावर बसून कपाळाला हात लावला.

तुम्ही म्हणाल, फोटो होते की. होते! पण फोटोत दगड ओळखायचा कशावरून, तर त्याच्यावरच्या शेवाळाच्या डागांवरून. तेही मावशींनी काढून टाकलं होतं. आता सगळे दगड सारखे काळे आणि सारखे चकचकीत. मापं घेऊन जुळवायचं म्हटलं तर बोटभर फरकाचे कितीतरी निघायचे. एक जड दगड चेन-पुलीने वर न्यायचा, बसत नाही म्हणून खाली आणायचा, यात अर्धा दिवस जायचा. शिवरात्रीपर्यंत काही होत नव्हतं.

गावाने सगळा राग मावशींवर काढला. ज्या बायकांनी त्यांच्याबरोबर दगड घासले, त्याच आता मान वळवून जायच्या. लहानूअण्णांनी त्यांच्याकडून देवळाची किल्ली काढून घेतली. मी त्यांच्या ओट्यावर गेले तर त्या चुलीपुढे नुसत्या बसलेल्या, चूल न पेटवता. म्हणाल्या, "ताई, माझ्या हातनं देवाचं घर मोडलं. ते परत उभं ऱ्हायलं न्हाई तर मी या गावात कोंच्या तोंडानं ऱ्हाऊ?"

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त, मला हरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाचरात गेलो. तिकडची थंडी म्हणजे दातखीळ बसते. पेंढा ओला, ताडपत्री ओली, सगळ्या दगडांवर दव टपटपलेलं. फक्त मधूनमधून चार-पाच दगड कोरडे ठणठणीत. एकमेकांपासून लांब लांब, वेगवेगळ्या ओळींत. हिरामण म्हणाला, कुत्री झोपली असतील. आणि ओला दगड साखळीतून निसटतो म्हणून त्याने कोरडे आधी घेतले. एवढंच कारण.

ते बसले. सगळे बसले. पुलीवरून उतरवले आणि खटकन जागच्या जागी... सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही असे.

मी म्हटलं, नशीब. पुढच्या सकाळी पुन्हा काही दगड कोरडे, आदल्या दिवशी ओलेचिंब असलेलेच. तेही बसले. तिसऱ्या सकाळी हिरामणने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आम्ही कोरडे दगड उचलले आणि कामाला लागलो.

आता मी काही गप्प बसणारी नाही. संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी माझी मैत्रीण आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, दगडागणिक घनता वेगळी, काही उशिरा गार होतात, त्यावर दव धरत नाही. मला पटलं. मग रोज वेगळेच दगड कसे, असं विचारलं तर ती म्हणाली, तू जरा झोप नीट घे. एका संध्याकाळी मी माणसं लावून सगळ्या दगडांच्या जागा बदलल्या, कुणालाही न विचारता. सकाळी बघते तो विखुरलेल्या जागी काही कोरडे, आणि ते नेमके त्या दिवशी बसवायच्या कड्याचे. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यावर ताडपत्री घातली. ताडपत्रीला आतून घाम सुटून सगळे भिजले, काही सोडून. आणि ऐका — ज्या दिवशी निम्मी माणसं राजूरच्या बाजाराला जाणार होती, त्या सकाळी कोरडे दगडही कमीच निघाले. हे मला अजूनही जेवताना आठवतं आणि घास हातात राहतो.

भीती वाटली का? नाही. खरं सांगते, मजा वाटत होती. कुणीतरी आपल्याहून हुशार मिस्त्री साइटवर आहे आणि तो मजुरी मागत नाही, असं. गावात मात्र आम्ही अवाक्षर काढलं नाही.

शिवरात्र आठवड्यावर आली आणि शेवटची झाकणशिळा तेवढी राहिली. ती तर ओळखायचा प्रश्नच नव्हता, सगळ्यात मोठी, आम्हीच वरून उतरवलेली. पण त्या सकाळी ती ओली होती. खाचरात दुसरा दगडच उरला नव्हता. हिरामण म्हणाला, आता काय करायचं? मी म्हटलं, दव आहे, पुसा आणि चढवा. तरी आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.

तेवढ्यात चंद्रामावशी धापा टाकत आल्या. देवळामागे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, थोडं पाणी बाराही महिने असतं. त्याच्या काठाला एक रुंद शिळा, गावाच्या बायका पिढ्यानपिढ्या त्यावर धुणं धुतात. मावशी म्हणाल्या की त्या आत्ता तिच्यावर धुणं आपटत होत्या, पाणी ओतत होत्या... आणि ती भिजतच नव्हती. दव-बिव, आमचे कोरडे दगड, त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आम्ही गेलो. मी स्वतः बादलीभर पाणी ओतलं. पाणी घरंगळून खाली गेलं आणि दगड कोरडा. हिरामणने पहार घालून शिळा उचकटली, खालून हात फिरवला आणि माझा हात धरून तिथे लावला. खालच्या बाजूला कडेने गोल खाच होती, वरच्या कड्यावर टोपणासारखी बसेल अशी. आमच्या झाकणशिळेला खाच नव्हती. ती नुसती वर ठेवलेली, कडेने पाणी आत घेणारी. कधीकाळी कुणीतरी बदली बसवलेली. देऊळ पिंपळामुळे नाही, तिच्यामुळे गळत होतं. आणि हे मला, एवढी ड्रॉइंगं काढून, दिसलं नव्हतं.

गाव जमलं. लहानूअण्णांचा चेहरा लाल. धुण्याचा दगड देवाच्या डोक्यावर? चंद्राबाईने आधी नंबर पुसले, आता हे! मावशी पदर तोंडाशी धरून उभ्या. मी अण्णांना म्हटलं, देवाचाच दगड आहे, तुम्ही इतकी वर्षं त्याला रोज आंघोळ घातलीत एवढंच. काही बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "बसवा. पन शिवरात्रीच्या आदी टँकर वर वतायचा. आत थेंब आला तर मी कुनाचंच ऐकनार न्हाई. तुमचंबी न्हाई आन् तिचंबी न्हाई."

शिळा चढली. बसताना जो आवाज आला तो गाभाऱ्यातून माझ्या पायांपर्यंत आला.

मग टँकर. डोंगरावरच्या गावात, त्या दिवसांत, प्यायचं पाणी देवळावर ओतायचं हे काय आहे ते तिकडचे लोकच जाणोत. बायकांनी स्वतः होकार दिला. पाइप शिखरावर सोडला, पाणी चारही बाजूंनी धो धो खाली येत होतं. आत कुणी जायचं? कुणी पुढे होईना. अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि मावशींच्या हातात दिली.

त्या आत गेल्या. टँकर पूर्ण रिकामा झाला तरी बाहेर येईनात. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरलेली नाही, आणि भुताला तर मुळीच नाही. शेवटी दारात आल्या. पिंडीवर ठेवलेले दोन्ही तळहात त्यांनी गावासमोर धरले. कोरडे. राखेने फुटलेले, भेगाळलेले आणि कोरडे. मी तिथेच रडले. हिरामणही रडला, पण तो नाकबूल करतो.

नंतर हिरामणनेच सगळं गावाला सांगून टाकलं, आणि लोक मावशींच्या पाया पडायला लागले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "माझी चूक हुती. त्यानं निस्तरली. त्याला माझा चमत्कार म्हनू नका, मला लाज वाटती."

देवळावरची ती बदली शिळा टाक्यावर बसवून दिली, धुणं काही थांबलं नाही. ती मात्र व्यवस्थित भिजते, मी पाहिलंय. त्यानंतर तिकडचा पूर्ण पावसाळा देवळावरून गेला, आणि अकोल्याचा डोंगरावरचा पाऊस काय असतो ते ठाऊक आहे तुम्हाला. श्रावणात मी गेले होते. मैत्रिणीलाही घेऊन गेले. तिने बराच वेळ दगडांवरून हात फिरवला, उपकरण लावून काहीतरी मोजलं आणि म्हणाली, साधा बेसाल्ट आहे गं.

मलाही तेवढंच ठाऊक आहे. कुणाकडे यापेक्षा बरं उत्तर असेल तर लिहा, मी खुशाल ऐकेन. त्या श्रावणातल्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता, आणि गाभाऱ्यात चंद्रामावशी पिंडीशेजारी, कोरड्या जमिनीवर, भिंतीला टेकून शांत झोपल्या होत्या.